रक्त ओळखणारा कागद

जालन्यात सरकारी दप्तरखान्याच्या जुन्या कागदपत्रांचं प्रदर्शन भरलं होतं, आणि झाडून सगळी गर्दी प्रदर्शनाच्या बाहेर उभी होती.

आत हॉलमध्ये काचेच्या पेट्या मांडल्या होत्या. निजामाच्या अमदानीतले उर्दू हुकूम, मोडीतल्या सनदा, गावोगावचे पिवळे पडलेले नकाशे. पंखे भिरभिरत होते. 'काचेला हात लावू नये' अशी पाटी होती, पण हात लावायला तिथं काळं कुत्रं नव्हतं. प्रदर्शनाचे अधिकारी जिनेंद्र कासलीवाल दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि अंगणातल्या लिंबाखाली काय चाललंय ते बघत होते.

लिंबाखाली रखमाजी महाराज बसले होते. लोक त्यांना दप्तरबाबा म्हणत. खाली भगवी लुंगी, वर खादीचं जाकीट, खिशाला दोन पेनं. म्हणजे अर्धा गोसावी आणि अर्धा तलाठी.

"कागद मेलेला न्हाई बाबांनो," बाबा सांगत होता. "कागद झोपलाय! सरकारच्या कपाटात पार निजामापासून झोपलाय. त्येला जागं कोण करंल? कलेक्टर? न्हाई. तहसीलदार? बिलकुल न्हाई. त्येला जागं करतं रक्त! ज्याचं खानदान दप्तरात हाय, त्येच्या तळहातावर कागद ठिवा, बराबर उठून बसतो का न्हाई बघा."

आणि खरंच उठत होता. चहाच्या रंगाची, आरपार दिसणारी, बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यावर मोडीसारखी दिसणारी काही गिचमीड. बाबा ती चिमटीत धरून माणसाच्या तळहातावर ठेवायचा. क्षणभर काही नाही. मग कड थरथरायची, वर यायची, आणि बघता बघता पट्टी कमान करून उभी राहायची. ना कुणी फुंकर मारली, ना दोरा ओढला. बायका तोंडाला पदर लावायच्या, बाप्ये टोप्या काढायचे, आणि चेल्याच्या थाळीत नोटा पडायच्या. चमत्कार तिथे नमस्कार, दुसरं काय!

आता लगेच हसू नका. या जिल्ह्यातल्या माणसाला कागदानंच घडवलंय आणि कागदानंच बिघडवलंय. जमीन कुणाची, ते कागद सांगतो. जात कोणती, कागद सांगतो. माणूस जिवंत आहे की नाही हेसुद्धा कागदच सांगतो, समोर उभं राहून 'मी आहे की हो साहेब' म्हटलेलं चालत नाही. पणज्याची एखादी नोंद सापडावी म्हणून माणसं तालुक्याला खेटे घालून चपला झिजवतात. आपण कोण हे पिढ्यान् पिढ्या कागदच सांगतो म्हटल्यावर, तो आपल्याला ओळखतोही, एवढं मानायला किती वेळ लागणार? बाबानं फक्त उरलेलं अर्धं पाऊल टाकलं होतं.

त्या गर्दीत दैवशाला उभी होती. घनसावंगीजवळच्या एका गावात ती जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. सोबत सासू सोनूबाई आणि तिसरीतली लेक साक्षी. शेजारच्या तातेरावनं त्यांना जीपमध्ये घालून आणलं होतं. "वहिनी, तुमची म्हातारी दिसभर भिंतीकडं बघत बसती. जरा चार माणसांत आणा तिला," असं तो म्हणाला, आणि दैवशाला बरं म्हणाली होती. आजकाल ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

तिचा नवरा अंगद जीप चालवायचा. संक्रांतीच्या आधी, स्टँडवर सवारी भरत असताना, छातीत कळ आली म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून गेला. दैवशाला तेव्हा रडली नाही, नंतरही नाही. लोक म्हणाले, बाई मोठी घट्ट. घट्ट कसली! दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो आणि गाल आपला राहत नाही, तसं तिचं आतून झालं होतं. ती भाकरी करायची, शाळेत जायची, हजेरी घ्यायची. कुणी अंगदचं नाव काढलं की दुसरीकडे बघायची.

तातेराव पहिला पुढं सरसावला. त्याच्या हातावर पट्टी ताडकन उभी राहिली.

"वा! देशमुखी खानदान!" बाबा ओरडला. "घोड्याबिगर पाय न टाकणारा आजा दिसून राह्यलाय मला!"

तातेरावचा आजा गावाच्या शेळ्या राखायचा, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. तातेरावलाही ठाऊक होतं. पण त्यानं मिशीवरून हात फिरवला.

मग सोनूबाई पुढं झाली. "बाबा, माझा ल्योक गेला. तरणाताठा गेला. त्येचं काई नावगाव आसंल का तुमच्या कागदात?"

बाबानं आवाज खाली आणला. "नाव काहून मागती माय? ल्योकच घे की. कर हात."

म्हातारीचा हात घामानं चिंब झाला होता. पट्टी टेकते न टेकते तोच वर आली आणि वाकली.

"बघ. पाया पडून राह्यला तुझ्या."

सोनूबाई त्या पट्टीवर वाकली. "अंगदा," ती म्हणाली, "जेवलास का रे?"

गर्दीतल्या बायका रडायला लागल्या. दैवशाला लिंबाच्या फांदीकडं बघत राहिली.

"नातबी हाय सोबत," सोनूबाईनं डोळे पुसत साक्षीला पुढं ओढलं. "हिच्याबी हातावर येऊ द्या त्येला. लई जीव होता त्येचा हिच्यावर."

बाबानं साक्षीकडं पाहिलं. मग मागं उभ्या असलेल्या दैवशालाकडं. कपाळ मोकळं, शेजारी कुणी बाप्या नाही, नजर भलतीकडंच. त्यानं चेल्याला खूण केली. "कवळं लेकरू हाय. अंगारा लाव आधी."

चेल्यानं साक्षीच्या तळहातावर चांगला मूठभर अंगारा चोळला. बाबानं पट्टी ठेवली. पट्टी पडून राहिली. साक्षी श्वास रोखून बघत होती. पट्टी हलली नाही.

बाबानं चुकचुक केली. "कागद मुका झाला माय. रक्त वळखंना." आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात, "जाऊ द्या. लेकराचा काय गुन्हा?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. सगळी गर्दी मान वळवून दैवशालाकडं बघायला लागली. तातेरावनं घसा खाकरला. दैवशालाला काहीच वाटलं नाही. लाज नाही, संताप नाही. तिनं साक्षीचा हात धरला आणि म्हणाली, "चला, जीप सुटेल."

घरी आल्यावर सोनूबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. रोज सकाळी साक्षीची वेणी तीच घालायची. दुसऱ्या दिवशी साक्षी कंगवा घेऊन समोर बसली, तर म्हातारी उठून गोठ्याकडं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "मायकडून घालून घे."

साक्षी कंगवा घेऊन चुलीपाशी आली.

"मम्मी, मी पप्पांची न्हाई का?"

दैवशालाला राग यायला हवा होता. आला नाही. पण हातातली भाकरी थापायची थांबली. "आहेस," ती म्हणाली.

"मंग कागद काहून न्हाई उठला?"

प्रश्न बरोबर होता. नुसतं 'आहेस' म्हणून भागणारं नव्हतं. वर्गात कुणी असा प्रश्न विचारला असता तर बाईंनी उत्तर दिलं असतं, म्हणून दैवशाला पीठ लागलेल्या हातांनी तशीच बसून विचार करायला लागली. आरपार दिसणारा कागद. हातावर ठेवला की वळणारा. ती शाळेत भूगोल शिकवायची. ट्रेसिंग पेपरवर नकाशा गिरवताना दरवर्षी पोरांची एकच तक्रार असायची, "बाई, कागद गुंडाळून राह्यला." आणि दरवर्षी बाईंचं एकच उत्तर असायचं, "घामेजलेले हात पुसा आधी."

तिनं हात धुतले, शाळेच्या पिशवीतून ट्रेसिंग पेपर काढला, एक पट्टी कापली आणि साक्षीच्या हातावर ठेवली. चुलीजवळ बसून पोरीचा हात ओलसर झालेला. पट्टी थरथरली आणि उठून बसली.

"मम्मी! वळखलं! मला वळखलं!"

"कागदानं नाही ओळखलं, बाळा. तुझ्या हाताला घाम आलाय." दैवशालानं चुलीतली गार राख घेऊन पोरीच्या तळहातावर चोळली आणि पट्टी पुन्हा ठेवली. पट्टी गुमान पडून राहिली. "बघ. राखेनं घाम शोषला. आता कागदाला पाणीच मिळेना, तर तो वळेल कसा? पापड उन्हात घातला की वरची बाजू आधी वाळते आणि कडा उचलतात, तसंच आहे हे. एक बाजू ओली, एक कोरडी. कागद वाकतो."

साक्षीनं राख पुसली, पट्टी ठेवली. राख लावली, पट्टी ठेवली. तिचं पाच-सहा वेळा करून झालं तेव्हा ती उठून आजीला बोलवायला पळाली.

सोनूबाईनं सगळं पाहिलं. मग म्हणाली, "तुझा कागद दुकानातला. बाबाचा सरकारी."

"आत्या, कागद कोणताही असू द्या..."

"मला भेटला त्यो," म्हातारी मधेच बोलली. "एकदा भेटला. तेबी तुला बघवंना का?"

बाबाचा कागद खोटा ठरवला तर साक्षीला तिचा बाप परत मिळत होता, आणि सोनूबाईच्या हातून तिचा लेक दुसऱ्यांदा जात होता. माणूस एकच होता आणि वाटणीला दोघी. दोन दिवस साक्षीच्या वेण्या दैवशालानंच घातल्या, वाकड्यातिकड्या. तिसऱ्या दिवशी पोरीनं शाळेच्या वहीवर नाव लिहिलं तेव्हा मधलं बापाचं नाव गाळलं. ते पाहून दैवशाला सासूपाशी गेली.

"आत्या, चला जालन्याला. माझ्या कागदावर नाही, बाबाच्याच कागदावर बघू."

सोनूबाई लगेच तयार झाली. ठेवणीतलं लुगडं नेसली. तिला अंगदला पुन्हा भेटायचं होतं.

प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. साक्षी आणि तातेरावही सोबत आले होते. ऊन मी म्हणत होतं. फाटकापाशी काकडीवाली बसली होती, तिखटमीठ लावून फोडी विकत. दैवशाला आधी हॉलमध्ये गेली.

"साहेब, बाहेरच्या बाबाकडचा कागद तुमच्या दप्तरातला आहे का?"

"छे हो बाई!" कासलीवाल उठून उभे राहिले. "आमचा एक कागद काचेबाहेर गेलेला नाही. आणि जुना कागद बघा ना हा, चिंध्या कुटून केलेला, जाडाभरडा. आरपार दिसतो का कुठं?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा पुसला. "मी बोललो की लोक म्हणणार, सरकार दडवून राह्यलं. साहेबाच्या पोटात दुखून राह्यलं."

"मी दाखवते. तुम्ही फक्त एवढंच सांगा, जे मला सांगितलं."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चला."

दैवशालानं लिंबाखाली जाऊन हात पुढं केला. बाबानं तिला ओळखलं. "अंगारा लाव रे बाईला," तो चेल्याला म्हणाला.

"अंगारा नको. तसाच ठेवा."

"अंगाऱ्याबिगर चालत न्हाई बाई."

"तातेरावांना चालला. माझ्या सासूला चालला."

"बराबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "तवा न्हवता लावला."

बाबाला पट्टी ठेवावी लागली. पट्टी उठली. बाबा काही कच्चा गडी नव्हता, त्यानं लगेच सूर बदलला. "वा! माहेरचं खानदान तालेवार दिसतंय!"

दैवशालानं मूठ मिटली आणि सरळ काकडीवालीकडं चालत गेली. एका ताज्या फोडीवर तिनं ती पट्टी ठेवली. सगळे मागं मागं आले. पट्टीची कड थरथरली, वर आली, आणि बाबाचा सरकारी कागद काकडीवर कमान करून उभा राहिला.

"बाबा," दैवशालानं विचारलं, "ही काकडी कोणत्या खानदानातली?"

आधी कुणालाच सुधरेना. मग एक म्हातारा हसला, आणि हसू गर्दीभर पसरलं. "देशमुखाची आसंल!" कुणीतरी ओरडलं. "तातेरावची चुलत बहीण!"

"काकडीतबी जीव आस्तो," बाबा म्हणाला, पण आवाजात पहिला दम राहिला नव्हता.

दैवशालानं रुमाल ओला करून लिंबाभोवतीच्या ओट्यावर पसरला. रुमालावरही पट्टी उठली. मग ती म्हणाली, "तातेराव, हात करा." चेल्याच्याच पिशवीतला अंगारा तिनं त्याच्या तळव्यावर चोळला आणि पट्टी ठेवली. पट्टी ढिम्म.

तातेराव घाबरलाच. "वहिनी, मंग म्या कोणाचा?"

"हात धुऊन या."

तो नळावर धावला, हात धुऊन कसेबसे पुसून आला. पट्टी उठली. "आलो का म्या परत?" त्यानं विचारलं. लोक पोट धरून हसले. तातेरावही हसला, जरा उशिरानं.

दैवशाला हसली नाही. वर्गात बोलते तशी सपाट आवाजात ती बोलायला लागली. "हा ट्रेसिंग पेपर आहे. पोरं नकाशे गिरवतात तो. चहाच्या पाण्यात बुडवून इस्त्री फिरवली की जुना दिसतो. ओलाव्यावर ठेवला की खालची बाजू पाणी पिऊन फुगते, वरची कोरडी राहते, म्हणून तो वाकतो. राख लावली की ओलावा मिळत नाही, म्हणून पडून राहतो. त्याला रक्त कळत नाही, घाम कळतो. कुणीही काही दाखवलं ना, की एवढंच करा. तीच गोष्ट दुसऱ्या कशावर तरी ठेवून बघा. हात धुऊन बघा. विचारा. विचारल्यानं देव कोपत नाही, आणि जो कोपतो त्याच्यापासून लांब राहा."

कासलीवाल पुढं आले. "हा कागद दप्तरखान्याचा नाही," ते खणखणीत म्हणाले. "खरं दप्तर आत आहे. फुकट बघायला मिळतं. या की!" आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढून पोलीस ठाण्याला फोन लावला. तोवर चेला पिशवी टाकून फाटकाबाहेर गेलेला होता. बाबाला लोकांनी ओट्यावर बसवून ठेवलं.

दैवशाला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "माझ्या लेकीलाच अंगारा का?"

बाबानं इकडंतिकडं पाहिलं. आता खोटं बोलून फायदा नाही हे त्याला कळलं होतं. "समद्यांचाच उठला तर खऱ्याला काय किंमत? एखादा पडावा लागतो बाई." मग तो पुढं म्हणाला, "तुमच्या मागं कोणी उभं न्हवतं."

दैवशालानं मान हलवली. तिला तसंच वाटलं होतं. यात नवीन काही नव्हतं.

माणसं हळूहळू हॉलमध्ये शिरायला लागली. तातेराव काचेला नाक लावून आपल्या गावाचा नकाशा शोधत होता. सोनूबाई मात्र पायरीवर एकटीच बसली होती. तिच्या हातात ती पट्टी होती. ती तळहातावर ठेवायची, उठली की काढायची, पदरानं हात कोरडा करून पुन्हा ठेवायची.

दैवशाला तिच्याशेजारी बसली.

"त्या दिशी माझ्या हातावर," सोनूबाईनं विचारलं, "त्यो न्हवता?"

खोटं बोलणं सोपं होतं. आजूबाजूला कुणीही नव्हतं.

"नव्हता, आत्या. घाम होता."

"तुला म्हाईत होतं, मला हे लागंल."

"हो."

साक्षी फाटकापाशी काकडी खात उभी होती, जरा लांबच, बोलावलं नाही म्हणून. सोनूबाई तिच्याकडं बघत राहिली.

"हिच्या जन्माच्या येळंला तुला दवाखान्यात नेता नेता जीप बंद पडली तवा," ती हळू बोलायला लागली. "तुला आठवत नसंल, तू शुद्धीवर न्हवतीस. म्या घेतली हिला. ह्याच हातांवर. त्यो बाहेर रस्त्यात उभा राहून रडून राह्यला होता. म्हणला, आई, मला दे, मला दे. ल्योकानं लेकीला कसं घेतलं ते म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय." तिनं पट्टी चुरगळून टाकली. "आन् त्याच हातावर कागद ठिवून म्या दुसऱ्याला इचारत बसले, ही कोणाची म्हणून."

तिनं साक्षीला हाक मारली. पोर घाबरत घाबरत आली. सोनूबाईनं तिला दोन पायऱ्या खाली बसवलं, वाकड्या वेण्या सोडल्या आणि बोटांनीच केस विंचरायला घेतले. विंचरता विंचरता तिचे हात थांबले.

"अंगद न्हाई आता," ती म्हणाली. विचारल्यासारखं म्हणाली.

दैवशालानं या वेळी दुसरीकडं पाहिलं नाही. "नाही, आत्या," ती म्हणाली. "अंगद गेला."

हे तिनं आजवर कुणापाशीही म्हटलं नव्हतं. म्हटल्यावर मात्र तिला रडू आलं, आणि ती भर दुपारी, सगळ्या लोकांत, सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्यानं रडली.